ब्रिटनमधील मालट्रक परवान्याची लेखी परीक्षा : गोमंतकीय चालकांनी काय वाचावे?

गोव्यातील खाणी 2012 मध्ये प्रथम बंद पडल्या. सर्वोच्च न्यायालयाने 7 फेब्रुवारी 2018 रोजी 88 खाणपट्टे रद्द ठरविल्यावर त्या पुन्हा थंडावल्या. सांगे, डिचोली, सत्तरी, धारबांदोडा या तालुक्यांत दारात उभ्या राहिलेल्या टिपरांची चर्चा पुष्कळ झाली. ते चालविणाऱ्या हातांची तेवढी झाली नाही. पोर्तुगीज पासपोर्टच्या आधारे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या गोमंतकीयांची वस्ती स्विंडनसारख्या शहरांत मोठी आहे. गोदामातील रात्रपाळीपेक्षा ट्रकचे चाक हाती असलेले बरे, असे तेथे गेलेल्या जुन्या चालकाला वाटणे साहजिक आहे. वाहने डाव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग उजवीकडे असते. मग अडचण कसली?

पहिली अडचण परवान्याची. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यापासून 12 महिने मोटार किंवा दुचाकी यांसारखे लहान वाहन चालविता येते; अवजड वाहन नाही. भारतीय परवाना देऊन ब्रिटिश परवाना घेण्याचीही सोय नाही. त्यामुळे घाटात पंचवीस वर्षे ट्रक उतरविलेल्या माणसालाही आधी मोटारीचा ब्रिटिश परवाना मिळवावा लागतो. त्यानंतर वैद्यकीय तपासणी होते, मग अवजड वाहनाचा तात्पुरता परवाना मिळतो आणि त्यापुढे लेखी परीक्षा येते. आपल्याकडे शिकाऊ परवान्याच्या वेळची संगणकावरील छोटी चाचणी हीच काय ती लेखी परीक्षा असते आणि तीत 60 टक्के उत्तरे बरोबर आली की पुरते. तेथील परीक्षा या मापाने मोजू नये.

व्यवसाय म्हणून ट्रक चालवायचा तर चार भागांतून जावे लागते. पहिला आणि दुसरा भाग संगणकावरचे, तिसरा प्रत्यक्ष वाहन चालविण्याचा, चौथा वाहनाची सुरक्षितता प्रात्यक्षिकाने दाखविण्याचा. पहिल्या भागातही दोन चाचण्या आहेत. एकीत 100 बहुपर्यायी प्रश्न, वेळ 1 तास 55 मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यास 85 उत्तरे बरोबर हवीत. दुसरीत 19 चित्रफिती दाखवून रस्त्यावरील धोका ओळखण्याची पारख केली जाते. तीत 100 पैकी 67 गुण लागतात. दुसऱ्या भागात सात प्रसंग देऊन त्यांवर 50 प्रश्न विचारतात, त्यांपैकी 40 बरोबर यावे लागतात. परीक्षा इंग्रजीत किंवा वेल्श भाषेत होते, मराठी-कोंकणीची सोय नाही. मात्र नोंदणी करतानाच मागणी केली तर प्रश्न हेडफोनवरून इंग्रजीत ऐकता येतात. ज्यांना इंग्रजी बोललेले कळते पण वाचताना अडखळायला होते, त्यांनी ही सोय अवश्य घ्यावी. तीत कमीपणा नाही.

अनुभवी चालक गाडी चालविण्याच्या प्रश्नांवर सहसा अडत नाही. तो अडतो तासांच्या हिशेबावर. मालट्रक चालकाने किती वेळ चाक धरावे आणि किती वेळ विसावा घ्यावा, याचे नियम तेथे काटेकोर आहेत आणि टॅकोग्राफ नावाचे यंत्र त्याची नोंद ठेवते. दिवसाला 9 तास चालविता येते. आठवड्यातून दोनदा ते 10 तासांपर्यंत वाढविता येते. आठवड्याची मर्यादा 56 तास, पण लागोपाठच्या दोन आठवड्यांची मिळून 90. म्हणजे एका आठवड्यात 56 तास चालविले तर पुढच्यात 34 च उरतात. हा वजाबाकीचा प्रश्न सोपा दिसतो. परंतु 56 दुणे 112 असे धरणारे त्यात हमखास फसतात.

विसाव्याचा नियम याहून नाजूक आहे. साडेचार तास चालविल्यावर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. ती दोन तुकड्यांत घेता येते, पण पहिला तुकडा किमान 15 मिनिटांचा आणि दुसरा किमान 30 मिनिटांचा असावा लागतो. क्रम उलटला की नियम मोडला. समजा, चालकाने दोन तास ट्रक चालविला, चहापाण्याला 30 मिनिटे थांबला, पुन्हा अडीच तास चालविला आणि 15 मिनिटे थांबला. बेरीज 45 भरते, तरीही ही विश्रांती ग्राह्य नाही. शेवटी आणखी 15 मिनिटे थांबणे त्याला भाग आहे. याशिवाय रोजची अखंड विश्रांती 11 तासांची. दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या दरम्यान ती तीनदा 9 तासांवर आणता येते. साप्ताहिक विश्रांती 45 तासांची, कमी केली तर 24 ची. त्यातच ‘चालविण्याचे तास’ वेगळे आणि ‘कामाचे तास’ वेगळे. माल चढविणे, कागदपत्रे करणे हे काम आहे, वाहन चालविणे नव्हे; आणि कामाच्या नियमानुसार विश्रांतीवाचून सलग सहा तासांहून अधिक काम करता येत नाही. साडेचार आणि सहा या दोन आकड्यांची गल्लत हा या परीक्षेतला नेहमीचा सापळा आहे. आपल्याकडेही 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातलेली होती. ती आपल्या रस्त्यांवर किती पाळली गेली, हे वाचकांस सांगायला नको. तेथे मात्र हे आकडे तोंडपाठच हवेत. पुस्तक नुसते वाचून ते लक्षात राहात नाहीत. कागदावर स्वतःचा काल्पनिक आठवडा मांडून रोजचे तास लिहावेत आणि कुठे चूक होते ते शोधावे.

वजनाचे प्रश्नही असेच. दोन ॲक्सलच्या ट्रकला एकूण 18 टन, तीन ॲक्सलच्याला 26, चारच्याला 32 आणि सहा ॲक्सलच्या जोडवाहनाला 44 टनांपर्यंत मुभा आहे. एकूण वजन मर्यादेत असूनही एकाच ॲक्सलवर जादा भार येऊ शकतो, यावर परीक्षकांचा विशेष डोळा असतो. मागच्या चाकांपलीकडे ठेवलेला माल तरफेसारखा पुढचा भाग हलका करीत असतो. पहिल्या गिऱ्हाइकाकडे तोच माल उतरविला की एकूण वजन घटते, पण पुढच्या ॲक्सलवरचा भार वाढतो. ट्रक हलका झाला म्हणजे धोका टळला, हे गृहीतक म्हणून चुकीचे.

उंचीचे माप फूट-इंचांत आणि मीटरमध्येही येते. 3 मीटरहून उंच वाहनाची उंची केबिनमध्ये चालकाला दिसेल अशी लिहून ठेवणे बंधनकारक आहे, कारण रेल्वेपुलांना ट्रक धडकण्याचे प्रकार तेथे वरचेवर घडतात. 14 फूट 6 इंच म्हणजे 4.42 मीटर, ते 14.6 फूट नव्हे. वेग मैलांत मोजतात. साडेसात टनांवरील वाहनाला इंग्लंड आणि वेल्समध्ये साध्या दुहेरी रस्त्यावर 50 मैल, स्कॉटलंडमध्ये त्याच रस्त्यावर 40. ट्रकच्या टायरची खाच किमान 1 मिलिमीटर लागते. मोटारीची 1.6 मिलिमीटर, आधी मोटारीची परीक्षा दिलेला उमेदवार तोच आकडा ट्रकलाही ठोकून देतो.

शब्दांची अडचण निराळी. अनमोड घाट उतरताना गिअर खाली घेऊन इंजिनाच्या जोरावर गाडी आवरायची, ब्रेकवर पाय ठेवून बसायचे नाही, हे आपल्या चालकाला कुणी शिकवावे लागत नाही. पण ब्रेक तापून निकामी होण्याला ‘ब्रेक फेड’ म्हणतात, इंजिनाला वा शाफ्टला रोखणाऱ्या साधनाला ‘रिटार्डर’, ट्रेलर वळून केबिनला भिडण्याला ‘जॅकनाइफ’, हे ठाऊक नसेल तर उत्तर येत असूनही प्रश्न हुकतो. ‘निअरसाइड’ म्हणजे फुटपाथकडची डावी बाजू, ‘ऑफसाइड’ म्हणजे उजवी. असे पाऊणशे शब्द वहीत लिहून काढले की निम्मी लढाई जिंकल्यासारखे होते.

धोका ओळखण्याच्या चाचणीत आपल्या चालकाची सवय आडवी येते. गुरे, दुचाकी, उलट्या दिशेने येणारी रिक्षा यांतून वाट काढलेल्या नजरेला ब्रिटिश रस्त्यावर धोका असा दिसतच नाही; किंवा मग सगळ्याच गोष्टी धोक्याच्या वाटून तो सारखा माऊस दाबत सुटतो. लयीत वा सतत दाबले तर त्या फितीचे गुण शून्य होतात. हवा असतो तो ‘वाढता’ धोका, ज्यामुळे चालकाला वेग वा दिशा बदलावी लागेल. उभी मोटार हा धोका नव्हे. तिचे दार उघडू लागले की तो सुरू होतो. जितके लवकर ओळखाल तितके गुण अधिक, कमाल पाच. एकोणीस फितींपैकी एकीत दोन धोके असतात.

वाचनासाठी तीन पुस्तके पुरेत : ‘हायवे कोड’, वाहतूक चिन्हांची अधिकृत पुस्तिका आणि डीव्हीएसए या सरकारी संस्थेचे मालवाहनांवरील मार्गदर्शक. सराव चाचण्या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. परीक्षेची नोंदणीही तेथूनच करावी. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे मध्ये दलाली उकळतात. एक इशारा येथे देणे भाग आहे. ब्रिटनच्या कुशल कामगार व्हिसात ट्रकचालकाचा व्यवसाय बसत नाही. 2021 मध्ये चालकांचा तुटवडा पडला तेव्हा दिलेले व्हिसा तात्पुरते होते. तेथे राहण्याचा व काम करण्याचा हक्क आधीपासून असेल तरच या परीक्षेच्या मागे लागावे. ‘परवाना आणि व्हिसा दोन्ही करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला गोव्यात बसून आगाऊ पैसे देऊ नयेत.

अनुत्तीर्ण झाल्यास तीन कामकाजी दिवसांनी पुन्हा बसता येते, मात्र शुल्क नव्याने भरावे लागते. पहिल्या भागातील दोन्ही चाचण्या दोन वर्षांच्या आत उत्तीर्ण व्हाव्या लागतात, आणि त्यानंतर मिळणारे प्रमाणपत्रही दोनच वर्षे चालते. तेवढ्यात प्रत्यक्ष वाहनाची परीक्षा झाली नाही तर सारे पहिल्यापासून. व्यावसायिक पात्रता टिकविण्यासाठी पुढे दर पाच वर्षांनी 35 तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते.