एमिली उङ्वारे : एक चित्रकर्त्री आणि तिची भूमि

ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं, व्हिक्टोरिया राष्ट्रीय कलासंग्रहालयांत, सुमारें आठ मीटर लांब व तीन मीटर उंच असें एक चित्र आहे. काळ्या पृष्ठावर पांढऱ्या रेषा, एवढेंच त्याचें साहित्य. या रेषा कोठें सुरू होतात व कोठें संपतात याचा डोळ्याला थांग लागत नाहीं. त्या एकमेकींत शिरतात, वळतात, फुटतात, पुन्हां जुळतात, आणि इतक्या मोठ्या विस्तारांत पूर्वरेखांकनाचा मागमूसहि आढळत नाहीं. ऐंशी वर्षांचें वय उलटलेल्या एका वृद्धेनें १९९५ सालीं कॅनव्हास जमिनीवर पसरून, प्रसंगीं त्यावरच मांडी घालून, दोन दिवसांत हें चित्र पुरें केलें. तिचें नांव एमिली कामे उङ्वारे. युरोपीय कलेशीं परिचय असलेल्या प्रेक्षकास हें चित्र पाहून अमेरिकेंतील पोलॉकची आठवण होते. तिचीं रंगीत चित्रें पाहून मोने आठवतो. या आठवणी प्रेक्षकाच्या असतात, चित्रकर्त्रीच्या नव्हेत, हें मात्र तो बहुधा विसरतो.

चित्राचा विषय अगदीं साधा आहे : जमिनींतला एक कंद. मध्य ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष प्रदेशांत भुईसरपट पसरणारी एक वेल होते. मूग, उडीद व चवळी ज्या वनस्पतिवंशांत मोडतात त्याच वंशांतली ती आहे. परंतु तिचें खरें मोल शेंगांत नसून मुळाशीं धरणाऱ्या बारीक, लांबट कंदांत आहे. वर वेल वाळून गेली तरी खालीं कंद टिकतो, आणि तो नेमका कोठें आहे हें जमिनीला गेलेल्या भेगांवरून जाणत्या बायका ओळखतात. अनमत्येर लोक या कंदाला 'अन्वेर्लार' म्हणतात, आणि त्या वेलीच्या बीजशेंगेस 'कामे'. म्हणजे चित्रकर्त्रीचें नांवच मुळीं या वेलीवरून पडलेलें आहे. 'उङ्वारे' हें आपण समजतों तसें आडनांव नव्हे. तें नातेगटाचें नांव असून पुष्कळ जणांचें असतें, आणि कोणाचा कोणाशीं विवाह व्हावा, कोणीं कोणाशीं कसें वागावें, हें त्यावरून ठरतें. आपल्या गोत्राची कल्पना येथें थोडीशी उपयोगी पडेल, पण ती फार ताणूं नये. राहिलें 'एमिली', तेवढें इंग्रजी.

तिचा जन्म १९१० च्या सुमाराचा. जन्मभूमि अल्हाल्केर, अॅलिस स्प्रिंग्ज या गांवाच्या ईशान्येस सुमारें अडीचशें किलोमीटरांवर. तेथें आरपार भोंक असलेला एक खडक आहे. तो त्या भूमीच्या आदिपूर्वजाचें रूप मानला जातो, आणि एमिलीनें नाक टोंचून घेतलें होतें तें त्याचीच खूण म्हणून. या प्रदेशांतून १८७२ सालीं तारायंत्राची लाईन गेली, तिच्या मागोमाग गुरांचे कळप आले, व १९२० नंतरच्या दशकांत येथील कुरणांचा पट्टा गोऱ्या वसाहतवाल्यांस मिळाला. त्या पट्ट्याचें नांव 'यूटोपिया'. टॉमस मूरनें १५१६ सालीं प्रचारांत आणलेल्या या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ 'कोठेंहि नसलेली जागा' असा आहे. ज्या देशाच्या कायद्यानें येथील भूमि कोणाच्याच मालकीची नव्हती असें धरून कारभार चालविला, त्या देशांत हें नांव असावें, याहून बोचक योगायोग कल्पितां येणार नाहीं. १९२८ सालीं पश्चिमेकडील कॉनिस्टन भागांत एका गोऱ्या माणसाच्या खुनाबद्दल पोलिसांच्या टोळीनें अनमत्येर, वार्लपिरी व कायटेट्य लोकांची जी कत्तल केली तींत सरकारी आंकड्याप्रमाणें ३१ माणसें मारलीं गेलीं. लोकांच्या तोंडीं असलेला आंकडा याहून पुष्कळ मोठा आहे. चौकशी झाली, आणि गोळीबार समर्थनीय ठरला. एमिली त्या वेळीं अठरा-एकोणीस वर्षांची असावी.

तारुण्यांत तिनें गुरांच्या वसाहतींवर काम केलें, मालवाहू उंटहि हाकले. हे उंट त्या भूमीचे नव्हत. १८६६ सालीं टॉमस एल्डर या व्यापाऱ्यानें शंभरावर उंट दक्षिण ऑस्ट्रेलियांत आणविले ते कराची बंदरांतून, आणि कराची त्या काळीं मुंबई इलाख्यांत मोडत असे. वसाहतीवरील काळ्या मजुरांस बहुधा रोकड मिळत नसे. पीठ, साखर, चहा, तंबाखू हीच मजुरी. समान वेतनाचा निर्णय १९६६ सालीं झाला व १९६८ च्या अखेरीस अंमलांत आला.

परंतु या सर्व काळांत एक गोष्ट खंडित झाली नाहीं, आणि तीच पुढील कथेचा कणा आहे. ती म्हणजे स्त्रियांचा 'अवेल्ये' हा विधि. अवेल्ये म्हणजे गीत, नृत्य व अंगावर रेखाटलेलीं चिन्हें, हीं तिन्हीं मिळून एक. गेरू, पिवळी माती, पांढरी माती व कोळसा यांची पूड करून, अंगाला चरबी चोळून, बोटानें किंवा चपट्या काडीनें वक्षावर व दंडांवर पट्टे ओढावयाचे. ओढतांना त्या त्या स्थळाचें गाणें म्हणावयाचें. मग उघड्या जमिनीवर नाचावयाचें. कोणते पट्टे कोणीं ओढावे हें मन मानेल तसें नसतें. कंदाचे, एमू पक्ष्याचे, डोंगरी सरड्याचे असे निरनिराळे आकार निरनिराळ्या कुळांच्या ताब्यांत असतात, आणि ते आजी, आत्या, मावशी यांच्याकडून वारशानें येतात. आदिपूर्वजांनीं भूमि घडविली तो काळ—'अल्त्येर'—या विधींत मागें पडलेला नसतो. तो चालूच असतो. भूमीची निगा राखावयाची ती नुसती गवत व पाणी यांनीं नव्हे, तर या गाण्यांनीं, अशी ही श्रद्धा आहे. एमिली या विधींतली वडील व अधिकारी स्त्री होती. वक्षावर पट्टे ओढतां ओढतां तिच्या हाताला जें वळण लागलें त्याला साठ वर्षांचा सराव होता, ही गोष्ट तिच्या 'अचानक' प्रकट झालेल्या प्रतिभेचें कौतुक करणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावी. यांतील कांहीं अर्थ परक्यांस सांगावयाचे नसतात, आणि ते तिनें सांगितलेहि नाहींत.

१९७६ सालीं उत्तर प्रदेशाकरितां—म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या 'नॉर्दर्न टेरिटरी'करितां—आदिवासी भूमिहक्काचा कायदा झाला. त्यांत दावेदारांनीं दस्तऐवज दाखवावा अशी अट नव्हती, आणि असती तर दाखविण्यास होतें तरी काय? अट अशी होती कीं, विशिष्ट स्थळांशीं आपला समान आध्यात्मिक संबंध आहे व त्या स्थळांचें प्रथम उत्तरदायित्व वंशपरंपरेनें आपल्याकडे आहे, हें सिद्ध करावें. यूटोपियाच्या दाव्याची सुनावणी १९७९ सालीं न्यायमूर्ति टूही यांच्यापुढें झाली. तोंवर मानववंशशास्त्रज्ञांनीं बहुतेक पुरुषांचेच विधि नोंदले होते, त्यामुळें भूमीचे धनी पुरुष असा समज दृढ झालेला. येथें बायका पुढें आल्या. अंगावर पट्टे ओढून, गाऊन, नाचून त्यांनीं आपली भूमि कोणती, कोणाच्या वारशाची, हें दाखविलें. तीच त्यांची साक्ष. वक्षावरची रेघ हा जमिनीचा सात-बारा ठरल्याचें असें उदाहरण इतिहासांत फार थोडें असेल. १९८० सालीं निर्णय दावेदारांच्या बाजूनें लागला.

याच सुमारास, १९७७ पासून, तेथें बायकांना बाटिकचें काम शिकविण्यास आरंभ झाला होता. १९७८ सालीं त्यांचा गट उभा राहिला व एमिली त्याच्या संस्थापकांपैकीं एक होती. या कापडांनीं दाव्याच्या कामींहि हातभार लावला. तापलेलें मेण ओतावें, रंगांत बुडवावें, मग पुन्हां पुन्हां उकळून धुवावें, हें जिकिरीचें काम तिनें दहा वर्षें केलें. १९८८ सालीं ८८ स्त्रीपुरुषांनीं ८८ रेशमी पट रंगविले, व त्याच वर्षाच्या उन्हाळ्यांत—तिकडला उन्हाळा आपल्या हिवाळ्यांत येतो—अॅलिस स्प्रिंग्जच्या एका आदिवासी संस्थेनें यूटोपियांत शंभर कॅनव्हास व रंग वांटले. एमिलीच्या वांट्यास आलेल्या कॅनव्हासावर 'एमू स्त्री' हें चित्र उमटलें. दाट ठिपक्यांच्या खालून वक्षावरचे तेच पट्टे त्यांत स्पष्ट दिसतात. तिला मेणाच्या जाचांतून मोकळीक मिळाली. डोळे थकले होते, कॅनव्हास तिला सोपा वाटला.

पुढें उण्यापुऱ्या आठ वर्षांत तिनें सुमारें तीन हजार चित्रें काढलीं असा अंदाज आहे. ठिपके गेले, पट्टे आले. पट्टे गेले, वेलीसारख्या रेषा आल्या. टीकाकारांनीं या बदलांचे कालखंड पाडले व प्रत्येकास पाश्चात्य नांव शोधलें. २००८ सालीं ओसाका व टोकियो येथें तिचें मोठें प्रदर्शन भरलें, तेव्हां त्याचे संयोजक अकिरा ताटेहाता यांनीं तिला 'अशक्य कोटींतली आधुनिक' अशा अर्थाची पदवी दिली. ही उक्ति चतुर आहे, आणि निदान प्रामाणिक आहे. कारण तींत अडचणीची कबुली आहे. याउलट, तिचीं चित्रें केवळ विधीचे नमुने, असें म्हणणारा पक्षहि मला पटत नाहीं. त्याच भूमींत, तेच पट्टे ओढणाऱ्या इतर स्त्रियाहि होत्या, व त्यांतील कांहीं उत्तम चित्रकर्त्री ठरल्या—तिची भाची ग्लोरिया पेत्यारे हिनें १९९९ सालीं 'विन' पारितोषिक मिळविलें—परंतु आठ मीटरांचा पट एका दमांत पेलणारा हात एमिलीचाच. परंपरेनें तिला रेषा दिली. ती कोठवर न्यावी हें तिचें तिनें ठरविलें. तिला स्वतःला विचारलें तर उत्तर ठरलेलें असे : हें सगळें आहे, कंद, सरडा, गवताचें बीं, एमू, माझी सगळी भूमि.

बाजार यांतलें कांहीं ऐकत नव्हता. शेजारच्या डेलमोर डाउन्स वसाहतीचे मालकच तिच्या चित्रांचे मोठे ग्राहक झाले. आरंभीं वर्णिलेलें चित्र संग्रहालयास देणगी मिळालें तें त्याच कुटुंबाकडून. इतरहि विक्रेते तिच्याभोंवतीं जमत. मिळेल तो पैसा तिच्या हातून नातलगांत वांटला जाई, कारण मिळकतीचा वांटा देणें हा तेथील धर्म आहे. १९९४ सालीं काढलेलें 'पृथ्वीची निर्मिति' हें तिचें चित्र २००७ सालीं दहा लाखांवर डॉलरांस लिलावांत गेलें व २०१७ सालीं एकवीस लाखांस. पुनर्विक्रींत कलावंताच्या वारसांस हिस्सा देणारा कायदा ऑस्ट्रेलियांत झाला तो २००९ सालीं.

तें सर्व तिच्या मागें. १९९७ सालीं व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनांत ऑस्ट्रेलियाच्या वतीनें तिचीं चित्रें लागलीं, व २०२५ सालीं लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयांत. तीं पाहण्यास ती नव्हती. २ सप्टेंबर १९९६ रोजीं अॅलिस स्प्रिंग्ज येथें तिचें देहावसान झालें. त्याच्या कांहीं दिवस आधीं तिनें रुंद कुंचला मागवून तीन दिवसांत चोवीस कॅनव्हास रंगविले. त्यांत ठिपका नाहीं, रेघ नाहीं, वेल नाहीं. नुसते रंगाचे रुंद फराटे आहेत, गुलाबी, निळे, पांढरे. त्यांना नांव मिळालें तें 'माझी भूमि'.