प्रकल्प कुणासमोर मांडायचा?

कॉलेजातल्या मुलांचे गणित-विज्ञानाचे प्रकल्प म्हटले की आपल्यासमोर पोस्टर, परीक्षक आणि प्रमाणपत्र येतं. २००६ पासून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचं ‘आविष्कार’ संमेलन भरतं, त्यामुळे ही रीत अलीकडची वाटते. प्रत्यक्षात ती पावणेदोनशे वर्षांची आहे.

१८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. प्रोफेसर पॅटन यांचं त्यांना पाठबळ होतं. तरुण दादाभाई नौरोजी त्यात पुढे होते. पुढे ते त्याच संस्थेत गणित आणि सृष्टिशास्त्राचे प्राध्यापक झाले. मुलं निबंध लिहायची, सभेत वाचायची, त्यावर चर्चा व्हायची. लक्षात घ्या, मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. तेव्हा या निबंधांना विद्यापीठाची पदवी नाही, श्रेयांक नाहीत. मग मुलं हे का करत होती?

उत्तर त्यांच्या पुढच्या पावलात आहे. सोसायटीचं काम इंग्रजीत चाले. पण त्याच वर्षी तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या, ज्ञानप्रसारक सभा. मराठी सभेचे अध्यक्ष होते दादोबा पांडुरंग. १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक सुरू झालं. शिवाय १८४९ मध्ये याच तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि तिथे स्वतः विनावेतन शिकवलं. म्हणजे जे शिकलो ते कॉलेजबाहेरच्या माणसाला सांगता आलं पाहिजे, हे त्यांनी आपलं काम मानलं.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून यातला एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या परंपरेत सिद्धान्त मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडावा लागतो; समोरच्याची शंका पूर्ण ऐकल्याशिवाय आपलं म्हणणं सिद्ध होत नाही. परीक्षक विचारतो ते बहुधा पुस्तकातलंच. बाहेरचा माणूस विचारतो ते पुस्तकात नसतं. परक्या भाषेतली संज्ञा पाठ करून परीक्षकासमोर निभावतं. आजीला मराठीत सांगताना मात्र आपल्याला काय कळलं नाही ते लगेच उघडं पडतं.

आता आपल्या आंबिवलीकडे या. इथे मोहोन्याला नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, आपली एनआरसी, होती. २००९ मध्ये ती बंद पडली. रेयॉन कसा होतो? लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवायचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करायची, मग मधासारखा दाट द्रव बनवून तो बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या द्रावणात सोडायचा. तिथे धागा तयार होतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला प्रकल्प कुठला? आणि श्रोते तर घरातच आहेत, ज्यांनी या उद्योगात आयुष्य काढलं.

समजा, एखाद्या मुलीने हा प्रकल्प चाळीत, या माणसांसमोर मांडला. समीकरण फळ्यावर लिहिलं. मागून एखादे काका विचारतील, “पोरी, ते डायसल्फाइड धाग्यात राहत नाही ना? मग जातं कुठं?” त्याची वाफ हवेत जाते, आणि ती फार काळ श्वासातून गेली तर मज्जातंतूंना अपाय करते, हे वैद्यकाला एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. समीकरण बरोबर असूनही या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी तिला पुन्हा ग्रंथालयात जावं लागेल, कदाचित डॉक्टरला गाठावं लागेल. खरा प्रकल्प तिथे सुरू होतो. आणि ज्याने ती हवा घेतली, त्याचा तर हे जाणून घेण्याचा हक्कच आहे.

आविष्कारला जरूर जा, बक्षिसं आणा. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक प्रकल्प दोनदा मांडा: एकदा परीक्षकांसमोर, एकदा ज्यांच्याबद्दल तो आहे त्यांच्यासमोर, त्यांच्या भाषेत. शिक्षकांनी या दुसऱ्या सभेतले प्रश्न वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या वर्षीच्या मुलांना विषय शोधावे लागणार नाहीत.