'करतोय' शुद्ध आणि 'करायलो' गावंढळ?

'म्हणजे' हा शब्द आपण दिवसातून शंभरदा वापरतो आणि पूर्ण 'म्हणजे' असा क्वचितच उच्चारतो. कधी 'म्हंजे', कधी 'मंजे', घाईत नुसतंच 'मजे'. 'पाहिजे'चं 'पायजे' होतं, 'काय आहे'चं 'काये'. स्वतःला शुद्ध बोलणारे समजणारेही हे करतात, फक्त ते कागदावर दिसत नाही.

हंगेरीतही हेच. तिथला 'सोव्हॉल' (अर्थ जवळजवळ आपला 'म्हणजे'च!) गप्पांमध्ये झिजून 'सॉल' होतो. पण त्या मंडळींनी एक चांगलं काम केलं. बुडापेस्टमध्ये २००७ पासून लोकांचं सहज बोलणं ध्वनिमुद्रित करून 'बेआ' नावाचा मोठा संग्रह उभा केला. लोक कसं बोलायला हवेत ते बाजूला ठेवून, कसं बोलतात ते बघितलं.

आता आपल्याकडे येऊ. परभणीहून नांदेडकडे निघालं की पूर्णा जंक्शनच्या अलीकडे पिंगळी नावाचं छोटं स्टेशन लागतं. या पट्ट्यात फोनवर विचारतात, "काय करायलास?" उत्तर येतं, "जेवायलो." पुण्यात हेच "काय करतोयस?" आणि "जेवतोय."

गंमत बघा. 'जेवतोय' म्हणजे 'जेवतो आहे'चं झिजलेलं रूप. 'जेवायलो'मध्येही 'जेवायला लागलो' सहज ओळखू येतं. दोन्हीकडे मधली अक्षरं गळाली, दोन्हीकडे कारण एकच: रोज लागणारे शब्द जीभ छोटे करते. मग एक रूप जाहिरातीत आणि दुसरं सिनेमातल्या विनोदी पात्राच्या तोंडी, असं का? याचं उत्तर व्याकरणात नाही, इतिहासात आहे.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत निघाला. इंग्रजी अमलात छापखाने, शाळा, क्रमिक पुस्तकं आली आणि पुण्या-मुंबईच्या शिकलेल्यांची मराठी 'प्रमाण' होत गेली. पिंगळी तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथे १८८०च्या दशकात फारसी जाऊन कारभाराची भाषा उर्दू झाली. मराठी घरात, शेतात आणि बाजारात राहिली.

पुढे ग्रिअर्सनने भारतीय भाषांचं अवाढव्य सर्वेक्षण केलं. त्यातला मराठीचा सातवा खंड १९०५चा. पद्धत अशी की बायबलमधल्या उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत करून घ्यायची. पण या सर्वेक्षणाच्या कक्षेतून मद्रास प्रांत आणि हैदराबाद, म्हैसूर ही संस्थानं वगळलेली होती. म्हणजे पिंगळी यादीतच नाही! आणि जे यादीत होते त्यांचंही भाषांतर नोंदलं गेलं, गप्पा नाहीत. भाषांतरात कोण 'मजे' म्हणतं?

हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात आलं, मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम आले. ज्यांचा उच्चारच होत नव्हता ते अनुस्वार गेले, आणि बोलण्यातल्या 'केलं', 'सांगितलं'च्या डोक्यावर मात्र टिंब मान्य झालं. उच्चाराप्रमाणे लेखन बदलता येतं, हे यातून सिद्धच झालं. फक्त तो उच्चार कुणाचा, हा प्रश्न उरला.

अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं. गावोगावी जाऊन लोकांना बोलतं केलं आणि ते आवाज इंटरनेटवर ठेवले. शंभर वर्षांपूर्वीची उणीव थोडी तरी भरून निघतेय.

हे आमच्या धंद्याच्याही कामाचं आहे. बोललेलं ओळखणारं सॉफ्टवेअर जे ऐकतं तेच शिकतं. त्याला बातम्या वाचणारे आवाज ऐकवले, तर ते 'करत आहे' ओळखेल आणि 'करायलो'पाशी अडखळेल. मग पिकाचा भाव विचारायला पिंगळीच्या आजीने आधी पुणेरी शिकायचं का? एकदा वगळलेली माणसं दुसऱ्यांदा वगळली जातील, आणि या वेळी ते काम आपण केलेलं असेल.

मराठवाड्यातून हिंजवडीत आलेली पोरं काही महिन्यांत 'करायलो' सोडून 'करतोय' म्हणू लागतात. कुणी सांगत नाही, शेजारच्या टेबलावरचं हसू पुरतं. असो. पुढच्या वेळी हसू आलं, तर आधी स्वतःचं 'मजे' एकदा रेकॉर्ड करून ऐका.