टांकसाळ बंद झाली आणि चांदी उतरली

एकोणिसाव्या शतकातल्या दख्खनी शेतकऱ्यापुढे सोने घ्यावे की चांदी, हा प्रश्न फारसा उभा राहत नसे. देशमुख, पाटील, सावकार यांच्या घरी पाटल्या, बोरमाळ, पुतळ्यांची माळ असे. कुणब्याच्या घरची शिल्लक मात्र तोडे, वाळे, गोठ, कडदोरा अशा चांदीच्या जिनसांत असे. सोने परवडत नव्हते, हे त्याचे एक कारण झाले. त्याहून मोठे कारण असे, की त्या काळी चांदी हाच पैसा होता. कंपनी सरकारने १८३५ साली साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी. गावच्या सोनाराला वजनासाठी वेगळे माप लागत नसे. तराजूच्या एका पारड्यात रुपये टाकले की दुसऱ्या पारड्यातले तोळे कळत. सरकारी टांकसाळ सर्वांना खुली होती. कोणीही चांदी नेऊन द्यावी, शेकडा दोनच्या आसपास खर्च भरावा आणि रुपये पाडून घ्यावेत. रुपयाच्या कसाची शंभर तोळे चांदी दिली तर अठ्ठ्याण्णवच्या घरात रुपये परत मिळत. कुणबी स्वतः मुंबईच्या टांकसाळीत कधी जात नसे. पण त्याचे तोडे मोडून घेणाऱ्या सराफाला ती वाट मोकळी आहे, एवढ्यानेच गावातला भाव सावरून धरला जाई. चांदी ही गरिबाची पेढी होती ती धातूच्या अंगच्या गुणाने नव्हे, या उघड्या दरवाजामुळे. सोने आणि चांदी यांतली निवड करताना हाच दरवाजा पाहावा लागतो, असे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की दागिना ही हौस आहे, फार तर सौभाग्याचे लेणे. त्याला गुंतवणूक म्हणणे म्हणजे आजची भाषा जुन्या काळावर लादणे. दागिन्यात हौस आणि रीत दोन्ही होत्या, हे खरेच. तरीही शेतकरी बायकांच्या अंगावरचे जाड, भरीव, कमी नक्षीचे जिन्नस पाहिले की त्यामागचा हिशेब दिसतो. घडणावळ कमी आणि वजन जास्त असा दागिना मोडताना तूट कमी येते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईमार्गे चांदीचा ओघ खानदेश-वऱ्हाडात आला. गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी तेव्हापासून सांगितल्या जातात. गोष्ट बाजूला ठेवली तरी सुगीच्या वर्षांतली चांदी घरोघर साठली, हे पुढच्या संकटाने दाखवून दिले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमधले दागिने ढिगाने मुंबईच्या टांकसाळीत वितळायला आले. तेव्हा टांकसाळ खुली होती, म्हणून त्या चांदीचे रुपये झाले. त्या रुपयांतून धान्य आले, सारा भरला गेला. साठवणीची खरी परीक्षा दुष्काळात होते, आणि त्या परीक्षेला चांदी उतरली.

मात्र याच सुमारास चांदीचा पाया दूरच्या देशांत खचत होता. १८७१ नंतर जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारले. १८७३ च्या कायद्याने अमेरिकेने चांदीच्या डॉलरची खुली पाडणी थांबवली. फ्रान्स आणि त्याच्या जोडीच्या देशांनी १८७४ पासून चांदीची नाणी पाडण्यावर मर्यादा घातली आणि पुढे ती बंदच केली. लंडनमध्ये १८७२ च्या सुमारास साठ पेन्स औंस असलेली चांदी १८९२ पर्यंत चाळिशीच्या घरात आली. त्याबरोबर रुपयाही दोन शिलिंगांवरून सव्वा शिलिंगापर्यंत घसरला. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेत पेन्शने, कर्जावरचे व्याज, लष्करी खर्च हे सारे सोन्यात चुकवावे लागे, आणि तेवढ्याच पौंडांसाठी दरवर्षी जास्त रुपये मोजावे लागत. शेवटी हर्शेल समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ रोजी टांकसाळी चांदीसाठी बंद झाल्या. रुपये आता फक्त सरकार पाडणार आणि तेही बेतानेच. रुपया सोळा पेन्सांवर नेण्याचे धोरण ठरले आणि काही वर्षांत तो तिथे पोहोचलाही.

याचा अर्थ शेतकऱ्याच्या घरात काय झाला, ते एका रुपयाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. १८९९ च्या सुमारास रुपया सोळा पेन्सांचा होता, पण त्यातल्या चांदीची लंडनच्या भावाने किंमत दहा पेन्सांच्या आसपास होती. म्हणजे एक तोळा वजनाचे नाणे सोळा आण्यांचे आणि तेवढ्याच वजनाची, त्याच कसाची तोड्यातली चांदी साधारण दहा आण्यांची. सारा भरायचा तो रुपयांत, सावकाराचे देणे तेही रुपयांत. अशा वेळी १८९६-९७ चा दुष्काळ आला, पाठोपाठ १८९९-१९०० चा ‘छप्पन्नचा’. वीस वर्षांपूर्वी ज्या चांदीने घर तगवले होते, तिच्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग एका कायद्याने उडाला होता. शेतकऱ्याने काही उधळले नव्हते, निवडही त्या काळच्या मानाने चुकीची केली नव्हती.

इथे जाणकार दुसरा आक्षेप घेतील: नेवाडातल्या खाणींतून अमाप चांदी निघाली, मग भाव पडणारच, त्यात सरकारचा काय दोष? खाणींचा वाटा आहे, पण एवढा ऱ्हास एकट्या खाणींनी होत नाही. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात १८४८ ते १८५१ या काळात सोने सापडले, तेव्हा सोन्याचे उत्पादन काही वर्षांत कित्येक पटींनी वाढले. तरी एका तोळ्या सोन्याला साडेपंधरा तोळ्यांच्या आसपास चांदी, हे प्रमाण जेमतेम हलले. कारण फ्रान्सची टांकसाळ १८०३ च्या कायद्याने दोन्ही धातू ठरावीक दराने घेत होती. एकाचा पूर आला की दुसरा बाहेर पडे आणि तोल राही. टांकसाळी एकेक करून मिटल्यावर मात्र तेच प्रमाण शतकाअखेर तिसाच्या पुढे गेले. खाणीतला माल बाजारात येतच असतो. तो घ्यायला कायमचे गिऱ्हाईक उभे आहे की नाही, यावर भाव ठरतो.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. टांकसाळ बंद केली नसती तर विलायतेतल्या देण्यांसाठी नवे कर बसवावे लागले असते, आणि ते शेवटी रयतेनेच भरले असते. सरकारची अडचण खोटी नव्हती. पण महाग झालेला रुपया हाही करच होता, फक्त तो विधिमंडळात मांडावा लागला नाही. साऱ्याचा आकडा कागदावर तोच राहिला आणि तो भरायला शेतकऱ्याला जास्त चांदी मोडावी लागली. दादाभाई नौरोजींनी हा छुपा कर असल्याचे निक्षून सांगितले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ च्या अंदाजपत्रकी भाषणात दाखवले, की सरकारी तिजोरीत दिसणारी शिल्लक ही देशाच्या भरभराटीची खूण नसून बऱ्याच अंशी रुपयाचा भाव चढवल्याचे फळ आहे. ओझे कोणावर पडावे, हे निवडण्याची मुभा सरकारला होती, आणि ते सर्वात दुबळ्या खांद्यावर पडले.

सोन्याच्या वाट्याला हे आले नाही. १९२७ च्या कायद्याने तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै असा दर ठरला होता. महामंदीत शेतमालाचे भाव कोसळले, सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णचलन सोडले आणि सोने काही काळातच तिशीपलीकडे गेले. तेव्हा लोकांनी सोने विकले तेही नडीलाच. मुंबई बंदरातून ते बोटी भरभरून बाहेर गेले. ती सुखाची विक्री नव्हती. पण विकणाऱ्याच्या हाती चढा भाव पडला, दहा आणे नव्हेत. सरकार सोन्यालाही हात घालते, हे जानेवारी १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने दाखवले: चौदा कॅरेटहून शुद्ध नवे दागिने घडवायला बंदी आली आणि हजारो सोनारांची कामे गेली. तरी घरातल्या सोन्याची किंमत बुडाली नाही, कारण ती बंदी एका देशाची होती आणि जगभरच्या मध्यवर्ती बँका सोने धरून होत्या. चांदीला तसा कोणताच आधार उरला नव्हता.

आज चांदीच्या बाजूने सौर पॅनेल आणि इलेक्ट्रॉनिक्सची मागणी दाखवली जाते. ती खरी आहे, आणि तेजीत चांदी सोन्याच्या पुढे धावते हेही खरे. पण कारखानदार ठरावीक दराने चांदी घ्यायला बांधलेला नसतो. मंदी आली की तो हात आखडतो, आणि कुटुंबाला पैशाची गरज नेमकी तेव्हाच पडते. मार्च २०२० मध्ये एका तोळ्या सोन्याला शंभराहून अधिक तोळे चांदी असे प्रमाण झाले, ते याच कारणाने. रिझर्व्ह बँकेच्या गंगाजळीत सोने आहे, चांदी नाही. म्हणून चांदी घ्यायला हरकत नाही, पण चढउतार सोसण्याची ताकद असलेल्याने, वाट पाहता येईल अशा पैशातून घ्यावी. ज्याची शिल्लक थोडी आणि अडचण केव्हाही दारात येऊ शकते, त्याने सोन्याकडे वळावे आणि घडणावळीत कमीत कमी घालवावे. भाव काय चालू आहे, यापेक्षा वाईट वर्षात हा धातू कोण घेईल आणि किती कापून घेईल, हे आधी विचारावे. १८९३ नंतरच्या कुणब्याला हे विचारण्याची संधीच मिळाली नाही. आपल्याला ती आहे.