पिस्तुलाच्या पोटातील कानशीच्या खुणा

शाळेतल्या पंख्याचा एखादा नट पडून हरवला, तर आपण शिपायाला हार्डवेअरच्या दुकानात पाठवतो. तो नवा नट आणतो आणि तो नट बसतो. तो बसतो याचे आपल्याला मुळीच नवल वाटत नाही. दोनशे वर्षांपूर्वी मात्र एका बंदुकीचा स्क्रूसुद्धा दुसऱ्या बंदुकीला सहसा बसत नसे. कारागीर प्रत्येक भाग त्याच्या शेजारच्या भागाशी कानस लावून जुळवीत असे. म्हणजे दहा हजार बंदुका या दहा हजार वेगवेगळ्या वस्तू होत्या. मोहिमेवर एखादी कमान तुटली तर नवी कमान त्या बंदुकीपुरती घडवून घ्यावी लागे.

एकमेकांच्या जागी बसणारे भाग बनवण्याची कला प्रथम लष्करी हत्यारांवर साधली गेली. ती कोणी साधली याची एक सोपी गोष्ट पुस्तकांतून बरीच वर्षे सांगितली जात होती. ती गोष्ट खोडून निघाली, त्यात जुन्या कागदपत्रांइतकाच जुन्या बंदुका-पिस्तुलांच्या संग्रहांचा वाटा आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ. ठासणीच्या, चकमकीच्या पिस्तुलात घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा घट्ट बसवलेला असतो. चाप ओढला की घोडा पोलादी पट्टीवर आपटतो, ठिणग्या पडतात, बाहेरची रंजक पेटते आणि बारीक छिद्रातून आग नळीतल्या दारूपर्यंत पोचते. या सगळ्या यंत्रणेला इंग्रजीत लॉक म्हणतात. लॉकच्या आतल्या बाजूला घोड्याच्या अक्षावर खाचा असलेला एक छोटा तुकडा असतो. त्याचे नाव टंबलर. एका खाचेत घोडा अर्धा चढून सुरक्षित राहतो, दुसरीत पूर्ण चढतो. खाच थोडी उथळ झाली तर चाप न ओढताच बार उडेल, थोडी खोल झाली तर चाप ओढवणार नाही. पिस्तूल बनवण्यातली खरी कठीण जागा हीच.

आता ती गोष्ट. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रामुळे प्रसिद्ध झालेल्या एली व्हिटनीने 1798 मध्ये अमेरिकन सरकारला दोन वर्षांत 10,000 बंदुका देण्याचा करार केला. 1801 च्या जानेवारीत त्याने अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स आणि लवकरच अध्यक्ष होणारे थॉमस जेफरसन यांच्यापुढे लॉक जोडून दाखवले. पाहणारे थक्क झाले आणि व्हिटनी सुट्या भागांच्या पद्धतीचा जनक ठरला. शेवटची बंदूक सरकारला मिळाली ती 1809 मध्ये!

खरे तर जेफरसनना हा प्रकार नवा नव्हता. 1785 मध्ये फ्रान्समध्ये वकील असताना त्यांनी ओनोरे ब्लाँ या कारागिराकडे पन्नास लॉकचे सुटे भाग कप्प्यांत मांडलेले पाहिले होते. हाताला येईल तो भाग उचलून त्यांनी स्वतः काही लॉक जोडली, ती नीट जुळली, आणि तसे त्यांनी मायदेशी कळवले होते.

1960 मध्ये रॉबर्ट वुडबरी या इतिहासकाराने व्हिटनीच्या कथेला पुरावा कितपत आहे असा प्रश्न लेखातून विचारला. त्याच दशकात स्मिथसोनियन संस्थेतल्या एडविन बॅटिसन यांनी व्हिटनीच्या बंदुकांची लॉक उघडली. आतल्या भागांवर जुळणीच्या खुणा कोरलेल्या निघाल्या, आणि एकाचे भाग दुसऱ्याला बसेनात. सगळे भाग सारखेच असते तर कोणता भाग कोणत्या लॉकचा हे लक्षात ठेवण्यासाठी खूण करायची गरज काय? वाकडी ओरखड्यासारखी खूण, पण तिने शंभर पानांचे चरित्र अडचणीत आणले.

मग काम कोणाचे? एकाच माणसाचे नाव घेता येत नाही, पण मला सर्वांत लोभस वाटतो तो सिमियन नॉर्थ. कनेक्टिकट राज्यातल्या बर्लिन गावचा हा विळे-कोयते घडवणारा माणूस. 1799 मध्ये त्याने घोडदळासाठी 500 पिस्तुले करून देण्याचा करार घेतला. नमुना होता 1777 च्या फ्रेंच लष्करी पिस्तुलाचा. 1808 मध्ये आरमारासाठी 2,000 पिस्तुलांचे काम मिळाल्यावर त्याने कळवले की एका माणसाला एकच भाग दोन हजार वेळा करायला लावला तर निदान पाव हिस्सा मजुरी वाचते. आणि 1813 च्या 20,000 पिस्तुलांच्या करारात तर अटच होती की कोणत्याही पिस्तुलाचा कोणताही भाग उरलेल्यांपैकी कोणत्याही पिस्तुलाला बसला पाहिजे. दर होता पिस्तुलामागे सात डॉलर. नॉर्थने आपल्या बढाया कधी छापून आणल्या नाहीत, म्हणून असेल, पण तो पाठ्यपुस्तकांत फारसा आला नाही.

हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात जॉन हॉल रायफली बनवीत होता. नॉर्थही त्याच नमुन्याच्या रायफली मिडलटाउनला बनवू लागला, आणि 1834 पर्यंत शेकडो मैल दूर असलेल्या या दोन कारखान्यांचे भाग एकमेकांत बसू लागले.

हे यंत्रांनी साधले, असे आपण सहज म्हणून टाकू. येथेही जुनी लॉक आडवी येतात. येल विद्यापीठातले रॉबर्ट गॉर्डन यांनी त्या काळच्या लॉकचे पृष्ठभाग तपासले, मापे घेतली आणि 1988 मध्ये निष्कर्ष मांडला. यंत्र भागाला साधारण आकार देई, पण शेवटचा नेमकेपणा येई तो हातातल्या कानशीने, गेज लावून लावून. कारागिराचे कौशल्य संपले नव्हते. ते शेजारच्या भागाऐवजी गेजशी जुळवण्याकडे वळले, एवढेच. सॅम्युअल कोल्टची पुढची प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरे घ्या. त्यांच्या अनेक भागांवर तोच तो क्रमांक ठोकलेला दिसतो. बॅटिसन यांच्यासारख्याने त्यावरून काय विचारले असते ते सांगायला नको.

म्हणूनच हौशी संग्राहकाच्या हातातला पॉलिश पेपर पाहून इतिहासकाराच्या पोटात गोळा येतो. गंजाबरोबर कानशीचे ओरखडे, गेजच्या घासण्या आणि जुळणीच्या खुणाही जातात. दुसरा धोका दुरुस्तीचा. टोपीची पद्धत रूढ झाल्यावर लष्कराने चकमकीची हजारो हत्यारे बदलून टोपीची केली. चकमकीच्या पिस्तुलाला किंमत जास्त येते म्हणून पुढे व्यापाऱ्यांनी त्यातली कित्येक पुन्हा चकमकीची करून विकली. अशा पिस्तुलाचा घोडा आणि पोलादी पट्टी कालची असू शकते. त्यावर सूक्ष्मदर्शक लावून उपयोग काय?

वर्गात करून पाहण्यासारखे काही हवे असेल, तर एकाच कंपनीची दहा-बारा बॉलपेने मुलांकडून सुटी करून भाग मिसळून टाका आणि पुन्हा जोडायला सांगा. सगळी जोडली जातील. मग व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येक नळीचा व्यास दोन-तीन ठिकाणी मोजायला लावा. आकडे तंतोतंत सारखे येत नाहीत, तरी पेने जुळतात. फरक किती वाढला तर ती जुळणार नाहीत, हे मुलांना शोधू द्या. त्यासाठी एका नळीला कानस लावायची परवानगी द्यायला हरकत नाही.