उष्णताकवच

कक्षेतून परतणारे अवकाशयान सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. पुढील हवा एकाएकी दाबली गेल्याने प्रचंड तापते. यानाच्या बोथट आकारामुळे ती काहीशी दूर राहते. उरलेली उष्णता कवच सोसते.

हैदराबादच्या ‘डीआरडीएल’ने ‘अग्नी’ क्षेपणास्त्रासाठी कार्बन-कार्बनचे कवच घडवले. २२ मे १९८९ रोजी ते कसोटीस उतरले. ‘इस्रो’ची ५५० किलोची ‘एसआरई-१’ कुपी २२ जानेवारी २००७ रोजी बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. तिच्या टोकावरील कार्बन-फिनॉलिकचा थर स्वतः जळून झिजत उष्णता वाहून नेणारा होता. इतर भागावरील सिलिकाच्या फरशा उष्णता रोखून धरत.

कवचातील एक छिद्रही प्राणघातक ठरते. उड्डाणावेळी निसटलेल्या फोमच्या तुकड्याने ‘कोलंबिया’च्या डाव्या पंखाचे कार्बन-कार्बन कवच भेदले होते. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना तेथून तप्त वायू आत शिरला आणि कल्पना चावलासह ७ अंतराळवीरांचा अंत झाला.