ज्याला नावच माहीत नाही, त्यानं शोधायचं कसं? : ग्रंथालयाच्या दर्शनी पानाचा इतिहास

तत्त्वज्ञानाच्या एका निवृत्त मास्तरानं ग्रंथालयांच्या वेबसाइटवर बोलावं, याचं काहींना नवल वाटलं असेल. पण प्रश्न जुना आहे आणि माझ्याच विषयातला आहे. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात मेनो सॉक्रेटिसाला अडवतो. जे तुला ठाऊकच नाही ते तू शोधणार कसं? उद्या ते समोर येऊन उभं राहिलं, तरी 'हेच ते' हे ओळखणार कसं? सॉक्रेटिस त्यावर आत्म्याच्या पूर्वस्मृतीचं उत्तर देतो. ते वर्गात पुष्कळ वर्षं घोळवून झालंय, इथे नको. मला एवढंच म्हणायचंय की ग्रंथालयाच्या वेबसाइटवर ती जी पांढरी आडवी चौकट असते, 'येथे शोधा' म्हणणारी, ती आपल्याला मेनोचाच प्रश्न विचारत असते. नाव माहीत असेल तर लिहा. नसेल तर? नसेल तर काय, ते ती सांगत नाही.

वाचकाला अर्धवट माहीत असतं. लेखकाचं आडनाव, पुस्तकाचा रंग, कुणीतरी सांगितलेला एखादा प्रसंग. या अर्धवट माहितीपासून पुस्तकापर्यंतची वाट कुणी बांधायची? वाचकानं की ग्रंथालयानं? गेल्या पावणेदोनशे-दोनशे वर्षांत हे ओझं एकदा याच्या खांद्यावर, एकदा त्याच्या खांद्यावर गेलेलं दिसतं. आज त्याचाच मागोवा घेऊ.

सुरुवात अँटोनिओ पानित्सीपासून करतो, कारण हा माणूस मला फार आवडतो. इटलीतून परागंदा झालेला क्रांतिकारक. मायदेशी त्याला त्याच्या अनुपस्थितीत फाशीची शिक्षा झालेली. १८३१ मध्ये तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात नोकरीला लागला, १८३७ मध्ये छापील पुस्तकांच्या विभागाचा प्रमुख झाला आणि १८४१ मध्ये त्याचे ते ९१ नियम छापून आले. कशाचे नियम? कॅटलॉग करण्याचे. लोकांना हे हास्यास्पद वाटलं. पुस्तकांची यादी करायला ९१ नियम? लेखकाचं नाव लिहा, त्यापुढे पुस्तकाचं नाव लिहा, संपलं! त्या वर्षी कॅटलॉगचं जे छापील पुस्तक निघालं ते फक्त 'ए' या अक्षराचं होतं, त्यामुळे टीकाकारांना आयतंच कोलीत मिळालं.

पुढे १८४७ ते १८४९ या काळात चौकशीसाठी शाही आयोगच बसला. टॉमस कार्लाइलसारखा इतिहासकार पानित्सीच्या विरोधात साक्ष द्यायला आला. त्याची तक्रार अशी, की विद्वानाला कामाचा कॅटलॉगच मिळत नाही. आयोगाचे सचिव होते जॉन पेन कोलियर. ते म्हणाले, थोडक्यात नोंदी करा, झटपट काम होईल. आणि नमुना म्हणून स्वतःच्याच संग्रहातल्या पंचवीस पुस्तकांच्या नोंदी त्यांनी करून दाखवल्या. पानित्सीनं त्या आपल्या सहकाऱ्याकडे तपासायला दिल्या. निष्कर्ष असा निघाला, की कॅटलॉग करताना जेवढ्या म्हणून चुका करता येतात, त्या जवळजवळ सगळ्या या पंचवीस नोंदींत झालेल्या आहेत. पुस्तकं स्वतःची, घरची, हातातली, तरीही. आज ज्याला 'युजेबिलिटी टेस्ट' म्हणतात त्याचं इतकं सुंदर उदाहरण मला दुसरं आठवत नाही. वाद घालत बसायचं नाही. काम करायला द्यायचं आणि काय होतं ते बघायचं.

त्या नियमांत होतं काय? एकच लेखक तीन नावांनी लिहितो. एकच पुस्तक चार आवृत्त्यांत चार नावांनी येतं. कुणी निनावी लिहितं, कुणाचं भाषांतर झालेलं असतं. वाचक यातलं एकच नाव घेऊन दारात येतो. त्या एका नावावरून त्याला बाकीच्या सगळ्यांपर्यंत नेणं, हे पानित्सीच्या मते कॅटलॉगचं काम. त्यासाठी जागोजागी 'पाहा' असा निर्देश. अमुक नावासाठी तमुक नाव पाहा. हा 'पाहा' लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. आणि हे कुणासाठी, तर गरीब विद्यार्थ्यासाठी. राज्यातल्या सर्वांत श्रीमंत माणसाला ज्ञानाची जी साधनं मिळतात तीच त्यालाही मिळाली पाहिजेत, असं पानित्सीनं १८३६ सालीच संसदेच्या समितीपुढे सांगितलं होतं. विद्वानाला वाट माहीत असते हो. नियम लागतात ते नवख्यासाठी.

आता एक गमतीची वस्तू. इंग्लंडच्या सार्वजनिक ग्रंथालयांत तेव्हा वाचकाला कपाटांपर्यंत जाऊ देत नसत. काउंटरवर एक भलामोठा फळा असे, त्याचं नाव 'इंडिकेटर'. आल्फ्रेड कॉटग्रीव्हचा इंडिकेटर सगळ्यांत गाजलेला. त्यात बारीक बारीक खण, प्रत्येक खणावर पुस्तकाचा क्रमांक. पट्टी एका रंगाची दिसली तर पुस्तक आत आहे, दुसऱ्या रंगाची दिसली तर बाहेर गेलंय. ग्रंथपालाच्या दृष्टीनं काम चोख, उठाठेव कमी. पण वाचकाला काय दिसे? आकडे! ग्रंथालयात येऊन त्यानं बघायचे ते हजारो आकडे आणि दोन रंग. १८९४ मध्ये जेम्स डफ ब्राउननं क्लर्कनवेलच्या ग्रंथालयात वाचकांना थेट कपाटांपर्यंत सोडलं, तेव्हा त्याच्याच व्यवसायातले लोक त्याच्यावर तुटून पडले. पुस्तकं चोरीला जातील म्हणे. आपल्याकडे कित्येक वाचनालयांत अजूनही हाच युक्तिवाद चालतो, तो असो. यंत्रणा चालवणाऱ्याला जे सोयीचं, तेच वापरणाऱ्यालाही सोयीचं, असं समजण्याची सवय संगणकानं आणलेली नाही, एवढं यावरून दिसतं.

कार्डांचा इतिहास भराभर सांगतो. फ्रेंच राज्यक्रांतीत जप्त केलेल्या पुस्तकांच्या नोंदी १७९१ मध्ये पत्त्यांच्या कोऱ्या पाठीवर करायला सांगितलं होतं. खेळायचे पत्ते बरं का, राजा-राणी-गुलाम. पुढे अमेरिकेत कार्डांचे खण आले, १८७६ मध्ये चार्ल्स कटरचे नियम आले. लेखक, नाव, विषय यांपैकी वाचकाला काहीही एक माहीत असलं तरी पुस्तक सापडलं पाहिजे, हे कॅटलॉगचं उद्दिष्ट कटरनं मांडलं. वाचकाची सोय आधी, कॅटलॉग करणाऱ्याची मागून, हेही त्यानंच ठणकावलं. १९०१ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेस छापील कार्डं विकू लागली आणि एकच साचा देशभर पसरला.

आपल्या बाजूला बघा. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. त्यातली फिरत्या पेट्यांची कल्पना मला विशेष वाटते. लाकडी पेटीत पुस्तकं भरून पेटी गावाला पाठवायची. ज्या माणसानं कॅटलॉग कधी बघितला नाही, ज्याला लेखकांची नावं ठाऊक नाहीत, त्याच्यापुढे पेटी उघडायची. मेनोच्या प्रश्नाला हे सरळ उत्तर झालं. त्याला शोधायला लावूच नका, आपण त्याच्या दारात जा.

आणि रंगनाथन. मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. पण आज मला सांगायचंय ते त्यांच्या 'पैलू' या कल्पनेविषयी. त्यांच्या वर्गीकरणात विषय एकाच झाडाची एक फांदी नसतो. त्याला पैलू असतात. कशाविषयी, कोणत्या क्रियेविषयी, कुठला, केव्हाचा. हे पैलू वेगवेगळे सांगायचे आणि मग जोडायचे. 'फॅसेट' हा इंग्रजी शब्द या अर्थानं ग्रंथालयशास्त्रात रूढ झाला तो त्यांच्यामुळे.

मग संगणक आला. १९६०च्या दशकात हेन्रिएट ॲव्रम यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी 'मार्क' हा नोंदींचा साचा तयार केला. त्या प्रोग्रामर होत्या, ग्रंथपाल नव्हत्या. काम अफाट होतं, जगभर तोच साचा चालू आहे. पण साच्यात भरलं गेलं ते कार्डच. १९८०च्या दशकात वाचकांसमोर जे ऑनलाइन कॅटलॉग आले, ज्यांना आपण 'ओपॅक' म्हणतो, ते पडद्यावर मांडलेले कार्डांचे खणच होते.

फक्त त्यातून एक गोष्ट गळून पडली, आणि ती कुणाच्या लवकर लक्षात आली नाही. कार्डांच्या खणात तुम्ही चुकीचं नाव शोधायला गेलात, तरी बोट कुठेतरी जवळपास पडतं. 'कुळकर्णी' शोधताय आणि कार्ड आहे 'कुलकर्णी'चं, तरी चार कार्डं इकडे-तिकडे केली की शेजार दिसतो, आणि त्या शेजारातच पुष्कळदा हवं ते, कधी त्याहून बरं, हाती लागतं. यंत्राला एक अक्षर चुकीचं दिलंत की ते म्हणतं, शून्य निकाल. शेजार नाही, इशारा नाही, काही नाही. आणि वाचक काय समजतो? माझं अक्षर चुकलं, असं नाही समजत. तो समजतो, पुस्तक इथे नाही. उठून निघून जातो.

क्रिस्टीन बोर्गमन या विदुषींनी १९८६ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. विषय, ऑनलाइन कॅटलॉग वापरायला अवघड का असतात. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, त्यांनी दुसरा लिहिला. विषय, ते अजूनही अवघड का असतात! त्यांचं म्हणणं असं, की ही यंत्रणा एका प्रश्नाला एक उत्तर जुळवते. माणसाचं शोधणं तसं नसतं. तो शोधता शोधता आपला प्रश्नच बदलत जातो. निकोलस बेल्किन यांनीही १९८०च्या सुमारास हेच वेगळ्या अंगानं मांडलं होतं. ज्याला माहिती हवी आहे, त्याला आपल्याला नेमकं काय कमी पडतंय हे शब्दांत सांगताच येत नाही, कारण ते कमी पडतंय म्हणूनच तर तो आलाय. पुन्हा मेनोच.

पुढे वेबसाइट आल्या आणि त्यांच्याबरोबर शब्दांचा घोळ आला. 'डेटाबेस', 'पीरियॉडिकल', 'रेफरन्स' हे ग्रंथपालांचे घरातले शब्द दर्शनी पानावर लागले. जॉन कुपरस्मिथ यांनी पन्नासेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले, त्यात वाचकांना हे शब्द कळत नाहीत हे पुन्हा पुन्हा दिसलं. 'पुस्तकं शोधा', 'लेख शोधा' असं साधं लिहिलं की कळतं. मराठी संकेतस्थळांवर तर 'नियतकालिके', 'दुर्मिळ दस्तऐवज', 'सभासद प्रवेशद्वार' असल्या पाट्या असतात, आणि मला साधं हवं असतं ते हे, की वाचनालय आज किती वाजेपर्यंत उघडं आहे. ते तिसऱ्या पानावर.

२००६ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयानं नवा कॅटलॉग आणला. त्यात काहीतरी ढोबळ शब्द लिहायचा आणि मग बाजूच्या यादीतून विषय, काळ, प्रदेश, भाषा असं निवडत निकाल कमी करत आणायचे. आज कुठल्याही दुकानाच्या वेबसाइटवर आपण चपला घेताना हेच करतो. आकार, रंग, किंमत. यालाच 'फॅसेट' म्हणतात. म्हणजे रंगनाथनांचा पैलू, ज्याला नाव माहीत नाही त्याच्यासाठी, सत्तरेक वर्षांनी पडद्यावर आला. तो चपलांच्या दुकानात पोचला आणि आपल्या पुष्कळ वाचनालयांच्या वेबसाइटवर मात्र पोचलेला नाही, हे मला खरोखर लागतं.

आता मराठीकडे येतो, कारण इथे दुखणं जास्त खोल आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र घ्या. मुखपृष्ठावर जुन्या लेखनाप्रमाणे 'स्मृतिचित्रें', शेवटी अनुस्वार. १९६२च्या लेखननियमांनंतर आपण लिहितो 'स्मृतिचित्रे'. आणि निम्मे वाचक टंकतात 'स्मृतीचित्रे', दीर्घ ती. आपल्या डोळ्यांना हा एकच शब्द आहे. यंत्राला हे तीन वेगळे शब्द आहेत. त्यात काही ठिकाणच्या नोंदी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या. पडद्यावर मराठी दिसतं, आत साठवलेली असतात भलतीच चिन्हं. ती शोधात कधीच सापडणार नाहीत.

परदेशात आणखी वेगळी तऱ्हा. १९६२ पासून पीएल-४८० योजनेतून अमेरिकेतल्या विद्यापीठांत भारतीय भाषांतली पुस्तकं गेली, त्यांत मराठीही होती. त्यांच्या कित्येक नोंदी रोमन लिपीत, शास्त्रशुद्ध लिप्यंतरानं केलेल्या. 'श्यामची आई' त्यात कसं येतं? 'श्य'साठी एस आणि वाय, मध्ये एच नाही. 'म'नंतर एक ए, जो आपण उच्चारतच नाही. 'ची'साठी नुसते सी आणि आय. वर खुणा वेगळ्या. त्या यंत्र बहुधा सोडून देतं, पण गाळलेला एच आणि वाढलेला ए कसा सोडेल? तिकडे वाढलेली एखादी मराठी मुलगी, जिला देवनागरी टंकता येत नाही, ती आपण फोनवर लिहितो तसंच इंग्रजी अक्षरांत लिहिते. निकाल शून्य. पुस्तक त्याच इमारतीत, दोन मजले वर.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली, ती वाचकाच्या वाटेवरचे काटे स्वतः वेचायचे म्हणून. त्या पिढीनं मिळवलेलं आपण एका अनुस्वारापायी घालवतो आहोत.

उपाय? पानित्सीचा 'पाहा'. 'स्मृतीचित्रे' लिहिणाऱ्याला न दुखवता, त्याचं शुद्धलेखन न तपासता, मुकाट्यानं 'स्मृतिचित्रें'पाशी नेऊन सोडायचं. 'कोहा'सारखी मोफत प्रणाली आज आपल्याकडे पुष्कळ ग्रंथालयांत आहे. न्यूझीलंडच्या एका छोट्या ग्रंथालयानं ती २००० मध्ये सुरू केली. लेखकाच्या एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारे निर्देश तिच्यात नोंदवता येतात. नोंदवणारा माणूस लागतो, एवढंच.

आणि कोणते निर्देश लागतील, हे समितीच्या बैठकीत ठरवू नका. जेकब नील्सन यांचं म्हणणं आहे की पाचच माणसं बसवली तरी बहुतेक दोष उघडे पडतात. तुमच्या वाचनालयात पाच वाचक बसवा. एक शाळकरी, एक माझ्या वयाचा, एक फक्त फोन वापरणारी. सांगा, लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र शोधा. पुस्तकाचं नाव सांगू नका. मागे उभे राहा आणि तोंडातून अवाक्षर काढू नका, हे सगळ्यांत कठीण. ते काय टंकतात ते कागदावर लिहून घ्या. मग तुमच्या यंत्रणेतून, गेल्या महिन्यात ज्या शब्दांना शून्य निकाल आला, त्यांची यादी काढा. दोन्ही कागद शेजारी ठेवा, आणि वरच्या पहिल्या शब्दापासून सुरुवात करून एकेकापुढे 'पाहा' लिहीत जा.

आता प्रश्न घेऊ.